वडिलोपार्जित इस्टेट कशी संपवावी

इस्टेट संपवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. जुगार आणि बाटली कुणालाही जमते. त्यात कल्पकता ती काय? इंग्रजांकडून शिका. चपटा दगड तळ्यावर टप्पे घेत सोडायचा, या पोरखेळाला ते 'डक्स अँड ड्रेक्स' म्हणतात, आणि पैसा उडवण्यालाही सतराव्या शतकापासून तेच नाव. दगडाऐवजी मोहोर धरायची, बस्स.

गुरू करायचा तर श्रॉपशायरच्या जॉन मिटनला (१७९६–१८३४) करा. पहिली अट अशी की वडिलांनी लवकर आटपावं. मिटन दोन वर्षांचा असतानाच ते गेले. तुमचे सकाळी फिरायला जात असतील, तर धीर धरा.

शिक्षणावर वेळ घालवू नका. वेस्टमिन्स्टर आणि हॅरो, दोन्ही शाळांनी मिटनला हाकललं, तरी सज्ञान होताच वर्षाला १०,००० पौंडांचं उत्पन्न बिनबोभाट हाती आलं. मग राजकारणात पडा. १८१९ साली त्याने श्रूझबरीच्या मतदारांना दहा-दहा पौंडांच्या नोटा वाटल्या आणि सुमारे १०,००० पौंड घालवून खासदारकी मिळवली. इथवर आपल्याकडे कुणाची भुवईसुद्धा वर जाणार नाही. पण सभागृहात तो जेमतेम अर्धा तास बसला, कंटाळला आणि परत फिरकलाच नाही. घातलेले पैसे पाच वर्षांत वसूल करायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. खरा उधळ्या तो हा! बाकीचे नुसते गुंतवणूकदार.

एक शहाणा कारभारी जरूर पदरी ठेवा. मिटनच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला, की वर्षाला ६,००० पौंडांत भागवलंत तर जमीन वाचेल. सहा हजारांत जगायचं असेल तर ते जगणंच नको, असं मालकाचं उत्तर. असा सल्ला समोर आल्याशिवाय तो धुडकावण्याची मजा कशी येणार?

सावकार दारात आले की परदेश गाठा. फ्रान्समधल्या कॅलेला मिटनला उचकी लागली, तेव्हा ती घाबरून पळावी म्हणून त्याने अंगातला सदरा पेटवून दिला. उचकी थांबली, भाजला मात्र चांगलाच. (हा धडा ऐच्छिक आहे.)

शेवटी लंडनमधल्या साउदर्कचा किंग्ज बेंच तुरुंग. ३७व्या वर्षी तो तिथेच वारला. त्या काळी या तुरुंगात कर्जबुडव्याला स्वतःच्या खोलीचं भाडं भरावं लागे. तेव्हा उधळताना तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा.