‘अभ्यास करून लिहीत जा’ म्हणणाऱ्या वाचकास

भाज्या आणि चीज भरलेल्या तमालेंच्या (मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) माझ्या पोस्टवर परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देते:

“ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. डुकराच्या चरबीशिवाय तमाले म्हणजे नुसता उकडलेला मक्याचा गोळा. आत चीज कोंबून शाकाहारी मनाचं समाधान करून घ्यायचं आणि वर त्याला मेक्सिकन म्हणायचं! तुमच्या ४० मिनिटांत माझे दोन्ही वेळा आतून कच्चे राहिले. पाण्याचं मापही जास्त आहे. आणि एकाला तमाल म्हणतात, ‘एक तमाले’ नव्हे.”

त्यापुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे.

आधी माझी चूक कबूल करते, म्हणजे बाई हेकट आहे असं कोणी म्हणायला नको. एकाला तमालच म्हणतात. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या नावाटल भाषेत मूळ शब्द तमाल्ली, त्याचं स्पॅनिशमध्ये तमाल झालं आणि अनेकवचन तमालेस. इथे टेक्सासमध्ये इंग्रजी बोलणारे सर्रास ‘एक तमाले’ म्हणतात, तेच कानात बसलंय. शिवाय ‘तमाल’ लिहिलं की माझा हात आपसूक पुढे ‘पत्र’ लिहायला जातो. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता ‘ताई’कडे येऊ.

मला दोन धाकटे भाऊ आहेत. ते मला ताई म्हणतात तेव्हा बरं वाटतं. तुमची ताई मात्र वेगळ्या जातीची आहे, भांडायला आलेली शेजारीण दारातून पहिला शब्द टाकते ना, तसली. आणि तिच्यामागून लगेच ‘लिहीत जा’. ‘अभ्यास करून लिहा’ म्हटलं असतंत तर ते एका पोस्टपुरतं राहिलं असतं, मी मनावरही घेतलं नसतं. ‘लिहीत जा’ म्हणजे मी आजवर जे लिहिलं ते सगळंच बिनअभ्यासाचं. अकरा वर्षांच्या लिखाणावर तुम्ही दोन शब्दांत बोळा फिरवलात. तो ‘जा’ तुम्ही न कळत लिहिला असेल असं मला वाटत नाही. बाकीचं वाक्य लिहिताना तुम्ही चांगले शुद्धीवर दिसता.

तर माझा अभ्यास.

मी चिपळूणची. लग्नानंतर सॅन अँटोनियोला आले त्याला चौदा वर्षं झाली. आमच्या उजव्या हाताला एक आजी राहतात, मूळच्या मेक्सिकोतल्या कोआविला राज्यातल्या. सगळी गल्ली त्यांना आबुएला म्हणते, मीही म्हणते. दर डिसेंबरात त्यांच्याकडे तमालादा असते, म्हणजे सगळ्या बायकांनी जमून तमाले करायचे. आपल्याकडे पापडाला बसतात तसं समजा, फक्त इथे ऊन नाही, वाफ. एक बाई सालं पुसते, दुसरी पीठ थापते, तिसरी भरते, चौथी दुमडते, आणि पाचवी काहीच न करता सगळ्यांच्या घरातल्या बातम्या सांगते. पहिल्या वर्षी मी पाचवी होते, स्पॅनिश येत नसूनही.

पहिल्या वर्षी मी डुकराचं मांस खात नाही हे कळल्यावर आजी हातातला चमचा ठेवून म्हणाल्या, “पोब्रेसिता!” म्हणजे बिच्चारी. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी वेगळं पीठ मळलं, वनस्पती तुपात. आत पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. सगळ्यांच्या तमालेंत मिसळू नयेत म्हणून माझ्या तमालेंना कणसाच्या सालाचीच पट्टी फाडून गाठ मारलेली. तेव्हापासून दर वर्षी मला गाठीचे तमाले मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर तमाले केलेल्या बाईला ते तमालेच वाटले. तुम्हाला ‘मक्याचा गोळा’ वाटतात. मी कोणाचं ऐकू?

(माझा नवरा चरबीवाले खातो आणि ते जास्त हलके लागतात म्हणतो. त्याचं मत या पोस्टमध्ये कोणी मागितलेलं नाही.)

आता तुमचं ते चरबीचं वाक्य. डुक्कर हा प्राणी मेक्सिकोत मुळात नव्हताच. तो स्पॅनिश लोकांबरोबर आला, आणि त्यांचा सेनानी कोर्तेस तिथल्या किनाऱ्याला लागला १५१९ साली. तमाले त्याच्या कितीतरी आधीपासून होते. बर्नार्दिनो दे साहागुन नावाचे फ्रान्सिस्कन पाद्री १५२९ मध्ये तिकडे गेले आणि नावाटल बोलणाऱ्या लोकांकडून त्यांच्या जगण्याची बारीकसारीक माहिती लिहून घेत राहिले. त्यांच्या त्या ग्रंथाला आज फ्लोरेंटाइन कोडेक्स म्हणतात. त्यात तमालेंचे प्रकारच्या प्रकार आहेत. एका पांढऱ्या तमालवर तर बीन्सची शंखासारखी नक्षी काढलेली असे. अझ्टेक राजाच्या पानात शंखाची नक्षी होती आणि चरबी नव्हती. आता तुमच्या हिशेबाने राजाही उकडलेला गोळाच खात होता, आणि त्याला ‘अभ्यास करून जेवत जा’ सांगायला कोणी नव्हतं.

तुम्ही लगेच म्हणाल, मग चीजही स्पॅनिशांबरोबरच आलं, गाईम्हशी कुठे होत्या तिथे. म्हैस तर नव्हतीच. गाईचं मात्र खरं आहे. तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हटलं, आता पुढे चला.

कारण मेक्सिको सिटीत सकाळी कोपऱ्यावरच्या तमालवाल्यापाशी उभे राहिलात की तो ठरलेलं विचारतो: वेर्दे, मोले, रहास की गोड? वेर्दे म्हणजे हिरव्या साल्सातले, मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्शातले, रहास म्हणजे मिरचीच्या पट्ट्या, आणि त्यांच्याबरोबर चीज. म्हणजे मी जे ‘कोंबलं’ असं तुम्ही म्हणता ते तिथला तमालवाला रोज पहाटे कोंबतो. लोक ते अख्खं बोलियो पावात घालून घेतात, त्याला ग्वाहोलोता म्हणतात, सोबत गरम आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाचं दाट पेय. पिठात पीठ घालून खायला वडापाववाल्यांनी नावं ठेवू नयेत. मिचोआकानमध्ये उचेपो करतात, ते कोवळ्या मक्याचे, वरून साय आणि साल्सा. चियापासकडे पिठातच चिपिलीन नावाचा पाला घालतात. ‘शाकाहारी मनाचं समाधान’ करून घेणारे एवढे लोक एका देशात राहतात हे तुम्हाला माहीत नसेल, तर तो माझ्या अभ्यासाचा प्रश्न नाही.

रहासच्या पिठातही चरबी असते, असं कोणी म्हणेल. असते. आपण सारणाबद्दल बोलत होतो.

आणि पिठाबद्दलच बोलायचं तर चरबी तिथे कशाला असते, हे तुम्ही कधी पाहिलंय का? पीठ चिकटू नये म्हणून नव्हे, चवीसाठी म्हणाल तर थोडी. ती फेटून पांढरी, हलकी करतात, म्हणजे तिच्यात हवा धरली जाते आणि वाफेत पीठ फुलतं. म्हणून आजी पिठाची सुपारीएवढी गोळी गार पाण्याच्या पेल्यात टाकून बघतात. तरंगली तर झालं, बुडाली तर अजून फेटा. हवा धरणारं घट्ट स्निग्ध काहीही चालतं. मी दोन कप मासा हारिनाला दोन तृतीयांश कप गार लोणी घेते, आधी एकटंच फेटते, मग एक चमचा बेकिंग पावडर घातलेलं पीठ आणि भाज्यांचं कोमट पाणी आलटून पालटून. माझी गोळी तरंगते. तुमची तरंगली होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मासा हारिना म्हणजे काय हे मूळ पोस्टमध्ये आहे, पण तुम्ही ते वाचलं असेलच असं धरून चालायची आता मला भीती वाटते, म्हणून थोडक्यात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, त्याला निश्तामाल म्हणतात. तो चुना म्हणजे आपल्या पानाच्या डबीतला चुनाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे मक्याचं साल सुटतं, पीठ मळलं की धरून राहतं, आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. ते दळून, वाळवून पाकिटात आलं की मासा हारिना. आपल्या दुकानातलं मक्याचं पीठ घेतलंत तर जन्मात तमाल बांधला जाणार नाही. मासा म्हणजे स्पॅनिशमध्ये मळलेलं पीठ. हे मी पहिल्यांदा फोनवर आईला सांगितलं, “आई, मासा भिजवलाय,” तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, “श्रावण आहे गं.”

त्याच आईच्या हाताखाली मी हळदीच्या पानात पातोळ्या आणि केळीच्या पानात पानग्या करायला शिकले. पानात पीठ किती पातळ थापायचं, वाफ कशी ऐकायची, हे मला कोणा निनावी माणसाकडून शिकायचं नाहीये. आजी पातेल्याच्या तळाला एक नाणं टाकतात. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळतं, थांबलं की पाणी संपलं. मी रुपया टाकते. आजींना तो रुपया फार आवडतो.

‘कोंबून’ या शब्दावर मात्र थांबणं भाग आहे. पोब्लानो मी थेट आचेवर काळ्या होईस्तोवर भाजते, फडक्याखाली घाम फुटू देते, साल सोलते, बिया काढते, बोटभर रुंदीच्या पट्ट्या करते. कांदा परतून त्यात मक्याचे दाणे, कधी झुकिनी, पण तिचं पाणी पूर्ण आटवून, नाहीतर पीठ भिजतं. चीज वितळणारं हवं, वाहाकाचं दोरीसारखं मिळालं तर उत्तम, नाहीतर मॉन्टेरे जॅक. केसो फ्रेस्को आपल्या पनीरसारखं, मऊ पडतं पण वितळत नाही. चीज मी किसत नाही, कांडी कापते, म्हणजे ते पिठात झिरपून नाहीसं होत नाही, मधोमध राहतं. एवढं करून एका तमालमध्ये दोन पट्ट्या आणि एक कांडी जाते. याला कोंबणं म्हणत असाल तर तुम्ही पेढ्यांच्या बॉक्सलाही कोंबलेला म्हणत असाल.

आणि अभ्यास कमी पडल्याची फजिती कशी दिसते, हे या गावाला चांगलं ठाऊक आहे. १९७६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड इथे प्रचाराला आले होते. अलामो या इथल्या जुन्या ऐतिहासिक वास्तूपाशी त्यांच्या हातात तमाल दिला आणि त्यांनी तो सालासकट चावला. इथली जुनी माणसं अजून सांगून हसतात. मी पहिल्या दिवसापासून साल काढून खाते, एवढं तरी माझ्या पदरी धरा.

बाकी तुमचे दोन मुद्दे, वेळ आणि पाणी. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. वेळ शेगडीवर, पातेल्यावर, सालं किती जाड आहेत यावर असते. तुम्ही कदाचित आडवे रचले असतील, किंवा झाकण सारखं उघडून पाहिलं असेल. ज्यांना दुसऱ्याच्या चुका शोधायची सवय असते ते झाकण फार उघडतात. पाण्याचं माप पिठावर असतं. स्वयंपाक म्हणजे गणिताचा पेपर नव्हे.

तरी काल संध्याकाळी, मुद्दाम नव्हे, सालं भिजवलेली होतीच म्हणून, मी बारा तमाले लावले. उभे, उघडं तोंड वर, झाकणाखाली ओलं फडकं. चाळिसाव्या मिनिटाला एक काढून पाहिला. झालेला तमाल सालापासून अलगद सुटतो; हा सुटला नाही. पातेलं त्या दिवशी जास्तच गच्च भरलं होतं. पंचावन्नाव्या मिनिटाला दुसरा पाहिला. एक तास दहा मिनिटांनी तिसरा सुटला, आणि आच बंद करून दहा मिनिटं ठेवल्यावर बाकीचेही. आजींना कुंपणावरून विचारलं, त्या म्हणाल्या, तास-दीड तास, हे तुला चौदा वर्षांत माहीत नाही? नवरा मागून म्हणाला, “त्या माणसाचंच बरोबर निघालं की.” मी त्याला सालं गोळा करून कचऱ्यात टाकायला सांगितलं.

मूळ पोस्टमध्ये वेळ आता सव्वा तास लिहिली आहे. पाणीही दोन कपांऐवजी दीड कप केलंय. तो टंकनदोष होता.