लॅव्हेंडर टाउनची धून आणि माळ्यावर गेलेला अँप

मंगळवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. प्रयोग नुकताच संपला होता आणि मी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी केबल गुंडाळत होतो. "तू त्याला असलं काय शिकवलंस रे?" एवढंच आधी कळलं. मग हळूहळू उलगडा झाला. भाच्याचा गिटारचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, माळ्यावर गेला होता. पोरगं न जेवता झोपलं होतं. आणि या सगळ्याला कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड.

पहिलं म्हणजे, मी त्याला काही शिकवलेलं नाही. जुन्या व्हिडिओ गेममधल्या धुना इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रमवर बसवून वाजवायच्या, हा त्याचा नाद त्याने स्वतःच शोधलाय. जगभर हजारो पोरं हे करतात. दुसरं, तो फॉरवर्ड मी पूर्ण वाचला. थोडक्यात असा:

"पालकांनो सावधान! १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉन गेममधील 'लॅव्हेंडर टाउन' या धूनमुळे २०० हून अधिक मुलांनी जीव दिला. सरकारने प्रकरण दाबले. धूनमध्ये मोठ्या माणसांना ऐकू न येणाऱ्या लहरी असून त्या मुलांच्या मेंदूवर परिणाम करतात. कंपनीने ती धून बंद केली, पण आता मुले चोरून तीच धून रॉक गिटारवर वाजवून पसरवत आहेत. गिटारवर तिचा परिणाम दहापट होतो. तसेही अशा संगीतात सूर-ताल काही नसतो. प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा."

पोहोचला. आता एकेक मुद्दा घेतो, क्रम मात्र माझा.

गिटारवर दहापट

यावर मला राग आवरत नाही, कारण ही माझी रोजीरोटी आहे. पंधरा वर्षं झाली नाटकांना आणि ऑर्केस्ट्राला माइक लावतोय. कुठल्या वाद्यातून काय बाहेर पडतं, ते व्हॉट्सअॅपने मला सांगू नये.

चोवीस फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) गिटारवर सगळ्यात बारीक तार शेवटच्या फ्रेटला दाबलीत तर निघणारा सूर साधारण १३०० हर्ट्झचा असतो. माणसाला तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकू येतं. म्हणजे गिटारचा सगळ्यात वरचा सूरसुद्धा त्या "गुप्त लहरीं"च्या जवळपास नाही. आता कोणी म्हणेल, सुराच्या वर उपसूर असतात, डिस्टॉर्शन लावून आवाज मुद्दाम फाडला की ते आणखी वाढतात. बरोबर, वाढतात. म्हणूनच गिटारच्या अँपमध्ये बारा इंची स्पीकर असतो, आणि तो स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गिळून टाकतो. ही त्याची खोट नाही, त्याचं कामच ते. खोटं वाटत असेल तर कधी डिस्टॉर्शनचा पेडल थेट साउंड मिक्सरला लावून ऐका. डबीत कोंडलेल्या माशीसारखा चिरका आवाज येतो, कान किटतात. तोच आवाज अँपच्या स्पीकरमधून काढून समोर माइक धरला की भरदार होतो, कारण वरचा कचरा गळून गेलेला असतो. एका ऑर्केस्ट्रात नव्या पोराने अँप आणायचा कंटाळा केला आणि पेडलवरून सरळ लाइन दिली होती. पहिल्या रांगेतले आजोबा मध्यंतरात माझ्याकडे येऊन विचारत होते, "ते मशीन बिघडलंय का?"

म्हणजे मूळ धूनमध्ये काही भयंकर लहरी आहेत असं क्षणभर धरलं, तरी गिटारच्या अँपमधून त्या दहापट सोडा, बाहेरच पडणार नाहीत. आणि नेमका तो अँप ताईने माळ्यावर टाकला. मुलाला वाचवणारी एकमेव वस्तू!

मोठ्यांना ऐकू न येणाऱ्या लहरी

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. वय वाढलं की वरचे आवाज ऐकू येईनासे होतात. माझ्या कानांचीही आता तीच गत. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास 'मॉस्किटो' नावाचं एक यंत्र निघालं होतं. दुकानासमोर घोळका करणाऱ्या तरुण पोरांना पिटाळण्यासाठी ते १७,४०० हर्ट्झच्या आसपासची शिट्टी वाजवायचं. मोठ्यांना पत्ता नाही, पोरं मात्र वैतागून निघून जायची. निघून जायची, बास. त्यापलीकडे काही झालं नाही.

हा गेम ज्या हातातल्या यंत्रावर चालायचा, त्या गेमबॉयच्या चिपलाही हर्ट्झचा खूप वरचा आकडा देता येतो, हेही मान्य. पण चार आवाजांचं ते यंत्र, त्याला एकच इवलासा स्पीकर, आणि त्यातून एक साधी धून वाजते. तिचा स्वभाव कर्कश आहे, कारण चौकोनी लाटेचा आवाज असाच टोचतो. लहान मुलांना तो मोठ्यांपेक्षा जास्त टोचत असेल, शक्य आहे. टोचणं वेगळं आणि मेंदू ताब्यात घेणं वेगळं. या धूनच्या आलेखात भुताचा चेहरा दिसतो म्हणून एक व्हिडिओही फिरतो. चित्राचं आवाजात रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मिळतं, कुणीही गणपतीचं चित्र टाकून तसंच करून दाखवेल.

२०० मुलं

ताईला झोप लागू न देणारा मुद्दा हा होता, तेव्हा जरा सविस्तर.

पोकेमॉनचे पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आले. त्यात हे एक गाव आहे. जपानीत त्याचं नाव शिऑन. तिथे मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा मनोरा आहे, म्हणून संगीतकार जुनिची मासुदा यांनी त्याला उदास, अंगावर काटा आणणारी धून दिली. स्मशानाच्या प्रवेशाला सनई-चौघडा कोण लावेल? मुलांना ती आठवणीत राहिली, काही जण घाबरलेही असतील. पण मुलं मेल्याची गोष्ट त्यावेळची नाहीच. ती साधारण २०१० च्या सुमारास इंग्रजी इंटरनेटवर उगवली. तिथे रात्री एकमेकांना घाबरवायला लिहिलेल्या भुताच्या गोष्टींचा एक प्रकारच आहे, क्रीपीपास्ता म्हणतात. लिहिणारा निनावी, पुढे पाठवणारा आणखी दोन ओळी घालणारा. आपल्याकडे कोकणातल्या वाटेवर पांढऱ्या साडीतली बाई जशी दर वर्षी एक वळण पुढे सरकते, तसंच.

"पण सरकारने दाबलं असेल तर?" ताईचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे, कारण त्याच जपानमध्ये, त्याच पोकेमॉनमुळे, पुढच्याच वर्षी मुलांना खरोखर त्रास झाला होता.

१६ डिसेंबर १९९७, संध्याकाळ. टीव्ही टोकियोवर पोकेमॉनच्या कार्टूनचा ३८ वा भाग लागला होता. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा आलटून पालटून लखलखला. काही सेकंदांचा खेळ. पण ज्यांचा मेंदू अशा लखलखाटाला हळवा असतो, त्यांना त्याने फीट येऊ शकते. घरोघरी मुलांना चक्कर आली, उलट्या झाल्या, काहींना फीट आली. ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. एकही दगावलं नाही.

आणि मग काय झालं? दाबलं गेलं का? त्याच रात्री बातम्या झाल्या. बातम्यांत तो तुकडा पुन्हा दाखवला तेव्हा आणखी काहींना त्रास झाला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधीही दाखवला गेला नाही. लखलखाटाबद्दल टीव्हीवाल्यांसाठी नियम आले, डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिले. आजही कुठेही शोधा, तारीख, आकडा, दृश्य, सगळं सापडतं.

ज्या देशात ६८५ मुलांच्या चक्कर-उलट्या एक रात्रभर लपल्या नाहीत, तिथे आदल्या वर्षी २०० मुलं गेली आणि एका शाळेत, एका पोलीस चौकीत, एका आईच्या तोंडून त्याचा उच्चार झाला नाही? पुढची चौदा वर्षं नाही? माझा अंदाज असा की खऱ्या घटनेची अर्धवट आठवण, जपान, पोकेमॉन, मुलं, रुग्णालय, ही या खोट्या गोष्टीला चिकटली आणि म्हणून ती लोकांना ऐकल्यासारखी वाटते. डोळ्यांनी झालेला त्रास कानांवर ढकलला गेला, इतकंच.

यातली मला सगळ्यात खुपलेली गोष्ट वेगळीच. त्या रात्री ताईने चौदा वर्षांच्या पोराला उठवून विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का रे?" धून वाजवतोस म्हणून! त्याला काही होत नव्हतं. आता मात्र तो गप्प आहे. मुलाचं खरंच काही बिनसलंय असं वाटलं तर जवळ बसून विचारा, डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा. गिटार जप्त करून त्यातलं काहीच कळत नाही.

कंपनीने बंद केली

अजिबात नाही. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हर या गेममध्ये तेच गाव पुन्हा येतं, तिथे मनोऱ्याच्या जागी रेडिओ केंद्र झालंय आणि धूनही त्यामुळे प्रसन्न केलीय. २००४ मध्ये जुना गेम नव्याने काढला तेव्हा ती उदास धून परत आली. २०१६ मध्ये, वीस वर्षं झाली म्हणून, मूळ गेमच जपानमध्ये पुन्हा विकायला ठेवला. बंदी घातलेली वस्तू कंपनी वाढदिवसाला विकते होय?

चोरून वाजवतात

घरात वाजवणं म्हणजे चोरी नाही. रेकॉर्ड करून लोकांसमोर टाकलं तर मात्र हक्क धून करणाऱ्याचा आणि कंपनीचा, परवानगीचा प्रश्न येतो, आणि या नादातली बरीच पोरं त्याकडे काणाडोळा करतात. भाचाही करतो, मी त्याला बोललोय. पण कंपन्यांचंही बघा. अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी १९९९ मध्ये ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स ही वेबसाइट सुरू केली, तिथे अशा हौशी लोकांनी स्ट्रीट फायटर या गेमच्या धुना नव्याने बसवल्या. त्या ऐकून तो गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने त्यांनाच बोलावलं आणि २००८ च्या गेमचं संगीत त्यांच्याकडून करून घेतलं. हाच स्ट्रीट फायटर आपण गेम पार्लरमध्ये रुपया-रुपया टाकून खेळलोय. २०२२ मध्ये तर गेमच्या धूनच्या एका अरेंजमेंटला ग्रॅमी मिळालं. रॉक नव्हतं ते, जॅझ बँडचं होतं, पण सूत तेच.

सूर-ताल नसतो

हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने धून ऐकलेलीच नाही, याचा पुरावा.

तिच्या सुरुवातीला चार सूर आहेत, तेच चार सारखे फिरत राहतात आणि खाली बाकीचं बदलत जातं. भाच्याने ते कसे शोधले ते मी पाहिलंय. फोनवर वेग अर्धा केला, डोळे मिटले आणि एकेक सूर तारेवर चाचपला. पहिले तीन पटकन सापडले, चौथ्याला अडला. एक फ्रेट खाली, एक फ्रेट वर, चेहरा वाकडा. आत माझी आई, म्हणजे त्याची आजी, हार्मोनियमवर रोजचा रियाझ करत होती. गेली तीस वर्षं ती गाणं शिकतेय, अजून परीक्षा द्यायला घाबरते. तिने आतूनच, पांढरी एक धरून, चारही सूर वाजवून दाखवले: सा, प, नी, आणि तीव्र मध्यम.

"शेवटचा तीव्र आहे रे," म्हणाली. "तू शुद्ध लावतोयस."

हे चारही सूर यमनात असतात. रोज संध्याकाळी आपल्या घरात जे वाजतं तेच, फक्त इथे तीव्र मध्यमावरून गाडी पंचमावर न जाता परत सा वर आदळते, म्हणून जीव टांगल्यासारखा होतो. भीती वाटते ती या जागेमुळे. मासुदांनी गुप्त लहरी घातल्या नाहीत, सूर अर्धवट सोडला. गायक लोक हे जाणूनबुजून करतात आणि आपण वाहवा म्हणतो.

भाचा हे चार सूर डिस्टॉर्शन न लावता, थोडा डिले (प्रतिध्वनी) देऊन वाजवतो, आणि दुसऱ्या आवर्तनाला खालून जाड गिटार दोन बाजूंना दोनदा रेकॉर्ड करून घालतो. ड्रम अजून कच्चे आहेत, लय पळते. ते मी सांगितलंय त्याला.

एक गोष्ट मात्र ताईची बरोबर आहे, तिने ती फॉरवर्डमधून घेतलेली नाही: आवाज. दहा बाय दहाच्या खोलीत अँप अर्ध्यावर ठेवून दोन-दोन तास बसायचं, हे मलाही पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं, आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर मोठ्यांनी ८० डेसिबलच्या आत, मुलांनी ७५ च्या आत. त्याच्या वर गेलात की तास भराभर कमी करायचे. कान खरोखर जातात ते याने, मग धून लॅव्हेंडर टाउनची असो की वरातीतल्या बेंजोची. वरात कुणी फॉरवर्डमध्ये घालत नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. तिने ऐकलं. "तुझं बरोबर असेल, पण ग्रुपवर मी काही लिहिणार नाही, सेक्रेटरीच्या बायकोने टाकलंय ते," म्हणाली. म्हणून मी इथे लिहितोय.

अँप काल माळ्यावरून उतरला. उतरवताना पडला आणि मागचं सॉकेट तुटलंय. रविवारी सोल्डर करायला जातोय. तोपर्यंत माझ्या आईने त्याला पेटी दिलीय.