पाच माणसं बसली म्हणून अलाइनमेंट 'जात' नाही

गणपती जवळ आले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात गेलात की वजनाने गाडीचं अलाइनमेंट (चाकांचे ठरवून दिलेले कोन) जातं, परतल्यावर लगेच करून घ्या, करताना घरच्यांना गाडीत बसवा, गाडी जड असेल तर दर महिन्याला करा, आणि गाडी डावीकडे ओढत असेल तर समजा वजनानेच गेलं. यंदा तो मला मेव्हण्याने पाठवला, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

"वजनाने अलाइनमेंट जातं." जात नाही. वजन असेपर्यंत बदलतं. माणसं बसली की स्प्रिंग दबतात, बॉडी खाली येते. चाक धरणारे आर्म बॉडीला बिजागरीसारखे जोडलेले असतात, ते थोडे फिरतात. त्याबरोबर चाकाचा उभा कल (कॅम्बर) आणि दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलीत ते (टो), दोन्ही किंचित सरकतात. आपल्या छोट्या गाड्यांत पुढे बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असतो. त्यात वजन आलं की चाकाची वरची कड सहसा जराशी आत कलते. माणसं उतरली की स्प्रिंग वर, कोन जागेवर. गाडी बनवणाऱ्याने हे धरलेलंच असतं, मागची सीट काही शोभेला दिलेली नाही.

कायमचं बिघडतं ते खड्ड्याने, फुटपाथच्या कडेला चाक आपटल्याने, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारी दांडी) वाकल्याने, बुश (सांध्यांतले रबर) झिजल्याने. फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे ते इथे. भरलेल्या गाडीची स्प्रिंग आधीच दबलेली, खाली जायला जागा कमी. ताम्हिणी घाटात तीच गाडी खड्ड्यात गेली तर रिकाम्या गाडीपेक्षा जोरात आदळते. गुन्हेगार खड्डाच, वजन फक्त साथीदार. वर्षानुवर्षं क्षमतेबाहेर माल वाहिलात तर स्प्रिंग कायमच्या बसतात, हेही कबूल. पण दीड दिवसाच्या गणपतीने नाही.

"करताना घरच्यांना बसवा." हा सल्ला सर्वांत घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. मशिनवर जुळवायचे आकडे कंपनी एका ठरावीक स्थितीसाठी देते. बहुतेक गाड्यांसाठी ती स्थिती म्हणजे रिकामी गाडी आणि टायरांत बरोबर हवा. बीएमडब्ल्यूसारखी एखादी कंपनी सीटवर ठरावीक वजन ठेवायला सांगते, तिथे तसंच करायचं. रिकाम्या गाडीचे आकडे काकूंना बसवून जुळवलेत, तर काकू उतरल्यावर ते चुकणार. सीएनजीचा सिलिंडर बोल्टने बसवलेला आहे, तो गाडीचाच भाग. कुणाच्या डिकीत रोज शंभरेक किलो कामाची अवजारं असतील तर ती राहू द्यावीत आणि टायरवाल्याला तसं सांगावं. महिनाभर पडून असलेली रद्दी मात्र आधी उतरवा.

"जड गाडी, दर महिन्याला." प्रश्न वजनाचा नाही, रचनेचा आहे. बोलेरोच्या मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला सरळ अ‍ॅक्सल आहे. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, गाडी खाली बसली म्हणून ती कलत नाहीत, मग मागे दर महिन्याला जुळवायचं काय? उलट हलक्या हॅचबॅकच्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, थोडी पिळली जाणारी आडवी तुळई) असतो आणि तिथे सहसा फिरवून जुळवायला काहीच नसतं. मशीन आकडा दाखवतं, बदलता येत नाही. बिलावर 'मागचं अलाइनमेंट' लिहिलं असेल तर नक्की काय फिरवलं ते विचारा.

"गाडी डावीकडे ओढते, म्हणजे वजनाने गेलं." पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता करतात. आपण डावीकडून चालवतो, गाडी थोडी डावीकडे जाणारच. आधी हवा बघा. दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती. एकच कड झिजली किंवा टायरवरून हात फिरवताना करवतीसारखं लागलं, तर खुशाल अलाइनमेंट करा. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) हवं.

आणि मागे वजन बसलं की नाक वर होतं, हे फॉरवर्डमध्ये नाहीच. त्याने हेडलाइट वर उचलले जातात. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असतं, ते त्यासाठीच. ताम्हिणीत रात्री समोरचा सारखा डिपर मारतो, तो ते चाक 0 वरच राहिल्यामुळेही असू शकतो.