कोंबडी कंपनीची, माशा गावाच्या

परवा गावी गेले होते. वहिनीने भाकरी वाढली आणि लगेच ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. माशा! शेजारच्या शिवारात पोल्ट्रीची शेडं झाल्यापासून ही सवयच लागलीय. त्यातलं एक शेड आमच्याच चुलत भावाचं, त्यामुळे बोलायची चोरी.

दादाने शेड आतून दाखवलं. पाच हजार पक्षी. खाली भाताचं तूस, त्यात महिनाभराची विष्ठा मुरलेली. दारातच अमोनियाने माझे डोळे चुरचुरले. दादाला म्हणे आता वासच येत नाही. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे जातो. धंदा कंत्राटी. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, वाढलेला पक्षीही तिचाच. शेड, वीज, पाणी, राबणं दादाचं. त्याला किलोमागे ठरलेला दर. मेलेले पक्षी पुरायचे त्यानेच, गावाच्या शिव्या खायच्या त्यानेच. कोंबडखताचे पैसे तेवढे सुटतात, हेही खरं.

"खाद्यात काय काय असतं रे?"

"गोणीवर लिहिलंय ते."

आयसीयूत बाकी औषधं हरली की डॉक्टर कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक काढतात. तेच आपल्याकडे कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून वापरलं जात होतं! जुलै 2019 मध्ये केंद्राने खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पण अँटिबायोटिक काही तेवढं एकच नाही. औषधाला न जुमानणारे जंतू विष्ठेतून खतात, खतातून शेतात आणि पाण्यात जातात. आजारी पडणाऱ्याने चिकन खाल्लेलं असायलाच हवं असं नाही.

आणि पक्ष्यांच्या दाटीवाटीचं म्हणाल तर नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवा. फेब्रुवारी 2006, देशातला पहिला बर्ड फ्लू. 2021 मध्ये पुन्हा तिथेच.

एक लाख पक्ष्यांच्या आतल्या फार्मना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेण्यातून काही वर्षं सूट होती. 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कान उपटल्यावर नियम बदलले. तरी पाच-पाच हजारांची शेडं एकेकटी पाहिली तर किरकोळच वाटतात. माशा मात्र सगळी शेडं एकत्र मोजतात.

माझं म्हणणं दादाविरुद्ध नाही, त्याच्यावर शेडचं कर्ज आहे. पण पक्षी ज्याचा, त्याची घाणही त्याच्याच नावावर लागली पाहिजे. खत, मेलेले पक्षी, कुठलं औषध किती दिलं, सगळा हिशोब कंपनीकडे मागा.

रात्री दादाने चिकनचा बेत केला. किलोभर चिकन बाजारातून विकत आणलं. शेडातला एक पक्षी कमी भरला तरी त्याच्या बिलातून कापतात.