पोरं कमी झाली म्हणून परळीचं धुराडं थांबत नाही

आमच्या बीड-परळीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मराठवाड्यातून निघणारा कार्बन वाढला तो वाढत्या लोकसंख्येमुळे, माणसं कमी झाली की तो आपोआप उतरेल, तरणी पोरं पुण्या-मुंबईला चालली आहेत, म्हणजे उतार सुरूही झालाय. शेवटी बोट दाखवलंय ते तांड्या-वस्त्यांवरच्या मोठ्या कुटुंबांकडे.

‘लोकसंख्या भरमसाट वाढतेय.’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ निघाला. लोकसंख्या टिकून राहायलाच २.१ लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेले आता आईबाप होताहेत, म्हणून लोकसंख्येचा आकडा अजून काही काळ चढेल, एवढंच.

‘माणसं कमी, कार्बन कमी.’ खरी चूक इथं आहे. योइची काया या जपानी अभ्यासकाचं सूत्र चार गोष्टींचा गुणाकार करतं: माणसं किती, माणशी उत्पन्न किती, त्या उत्पन्नामागे ऊर्जा किती आणि ऊर्जेमागे कार्बन किती. लोकसंख्या त्यात आहेच, ते मी नाकारत नाही. पण मेसेजवाल्यानं उरलेल्या तिन्ही गोष्टी पुसून टाकल्या. परळीचं औष्णिक केंद्र घ्या. २५० मेगावॅटचे तीन संच पूर्ण भारानं चालले तर दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट वीज होते. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे १८ हजार टन. भारतात माणशी वर्षाचा वाटा सुमारे २ टन. नऊ हजार माणसांचं वर्षाचं एका दिवसात उरकलं! २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हेच केंद्र बंद पडलं होतं. तेव्हा धूर थांबला, आणि त्यासाठी जिल्ह्यातलं एकही माणूस कमी व्हावं लागलं नाही.

शिवाय घरं फुटतात. दोन भाऊ वेगळे निघाले की फ्रीज दोन, मोटारसायकली दोन, माणसं तेवढीच.

‘पोरं गेली, कार्बन गेला.’ माणूस गावाबाहेर पडला तरी हवेबाहेर जात नाही. शहरात त्याचा खर्च वाढतो, विजेचाही. आणि ती वीज परळीच्या कोळशाची असली, तर धूर पुन्हा आमच्याच खात्यावर. उरलेल्या डोक्यांनी त्याला भागलं की माणशी आकडा उलट फुगतो. ही डोकीही कमीच मोजली जातात: २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऊसतोडीच्या ऐन हंगामात. गावात तेव्हा सापडतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं.

राहिली ती तांड्या-वस्त्यांवरची कुटुंबं. दसरा झाला की त्यांचे कोयते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. पाच-सहा महिने उसाच्या फडाकडेच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संसार. तिथं ना मीटर, ना फ्रीज, ना पंखा.