राजाला धरून राहिलेली माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या बाजूने राहिलेल्या वसाहतवाल्यांवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ही माणसं फितूर होती, पदं आणि जमिनी सांभाळण्यासाठी इंग्रजांना चिकटून राहिली. स्वातंत्र्याच्या बाजूचा पुढारी जॉन अ‍ॅडम्स यानेच लिहून ठेवलंय की एक तृतीयांश लोक राजाकडे होते. इतके फितूर घरात असूनही ज्यांनी स्वातंत्र्य मिळवलं त्यांचं कौतुक करायचं सोडून मी हरलेल्यांसाठी गळा काढतो.

आधी अ‍ॅडम्सचं बघू. ज्या पत्रातून हा आकडा उचलला जातो ते 1815 सालचं आहे, आणि त्या परिच्छेदात अ‍ॅडम्स फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल अमेरिकन लोकांचं मत कसं विभागलं होतं ते सांगतोय. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना ते वाक्य 1776 ला चिकटलं. आज बहुतेक अभ्यासक राजनिष्ठांचं प्रमाण गोऱ्या लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी धरतात. फार मोठा वर्ग कुठल्याच बाजूला ठाम नव्हता. ज्याचं सैन्य गावात येईल त्याला धान्य द्यायचं आणि घर वाचवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आता फितुरीचा मुद्दा. यावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण माझा सगळा लेख त्यावरच उभा आहे. फितूर व्हायला आधी एक बाजू सोडावी लागते. या माणसांनी कुठली बाजू सोडली? 1766 मध्ये स्टॅम्प कायदा, म्हणजे वसाहतींमधल्या कागदपत्रांवर लंडनने लादलेला कर, रद्द झाला तेव्हा वसाहतींमध्ये राजाच्या नावाने जल्लोष झाला. न्यूयॉर्कने तर कृतज्ञता म्हणून तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा करायला टाकला आणि 1770 मध्ये बोलिंग ग्रीनवर उभारला. 9 जुलै 1776 ला त्याच शहरातल्या लोकांनी तो खाली ओढला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या पाडल्या. मध्ये गेली होती फक्त सहा वर्षं. जुलै 1775 मध्ये, म्हणजे लेक्सिंग्टनला युद्धाचं पहिलं रक्त सांडून तीन महिने होत आले असताना, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला समेटाचा अर्ज धाडला. त्यात स्वतःला राजाचे निष्ठावंत प्रजाजन म्हणवून खाली सह्या करणाऱ्यांत हॅनकॉक, फ्रँकलिन, जेफरसन आणि दोघे अ‍ॅडम्स होते. राजाने तो अर्ज स्वीकारलासुद्धा नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याची घोषणा केली. जानेवारी 1776 मध्ये स्वातंत्र्याची उघड मागणी करणारं टॉमस पेनचं पत्रक आलं, राजा नावाच्या संस्थेवरच घाव पडला आणि मग सहा महिन्यांत सगळं पालटलं. ज्यांना इतक्या वेगाने पालटता आलं नाही, ते आदल्या वर्षी सगळे जिथे उभे होते तिथेच राहिले. वेगळं व्हायचा निर्णय बरोबरच होता असं मी मानतो. पण आपल्याला पुढचं सगळं माहीत आहे, त्यांना नव्हतं.

जोसेफ गॅलोवेचंच घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या या पुढाऱ्याने सप्टेंबर 1774 मध्ये पहिल्या काँग्रेससमोर योजना मांडली : वसाहतींची निवडून आलेली एक महापरिषद असावी, राजाने नेमलेला अध्यक्ष असावा, आणि वसाहतींना लागू होणाऱ्या कायद्याला ब्रिटिश पार्लमेंट व महापरिषद दोघांचीही संमती लागावी. पार्लमेंटचा मनमानी कर हे गाऱ्हाणं त्यालाही मान्य होतं. एका वसाहतीच्या मताच्या फरकाने, सहा विरुद्ध पाच अशी, ती योजना बाजूला ठेवली गेली आणि नंतर कामकाजाच्या नोंदीतूनही पुसली गेली. पुढे तो इंग्रज सैन्याला जाऊन मिळाला आणि 1778 मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेला. बायको ग्रेस मागे राहिली, कारण तिच्या वडिलांकडून आलेली इस्टेट तिला वाचवायची होती. पण कायद्याने बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात, आणि नवरा देशद्रोही ठरलेला. त्या ऑगस्टमध्ये तिला फिलाडेल्फियातल्या घरातून हात धरून बाहेर काढलं गेलं. 1782 मध्ये ती वारली. नवरा आणि मुलगी तिला पुन्हा दिसले नाहीत. तिची रोजनिशी उपलब्ध आहे, जमल्यास वाचा.

बेंजामिन फ्रँकलिनच्या घरात हीच रेघ बाप आणि मुलाच्या मधून गेली. मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. 1776 मध्ये त्याला अटक झाली आणि तो कनेक्टिकटच्या कैदेत असताना त्याची बायको वारली. युद्ध संपल्यावर 1785 मध्ये साउथॅम्प्टनला बापलेक एकदा भेटले, ते जमिनी आणि पैशांचे व्यवहार मिटवण्यापुरते.

तुम्ही म्हणाल, विल्यमकडे पद होतं, गॅलोवेकडे जमिनी होत्या, म्हणजे माझाच मुद्दा खरा. मग हडसन नदीकाठची कुळं बघा. लिव्हिंगस्टन घराणं स्वातंत्र्याच्या बाजूचं होतं. त्याच घराण्यातला रॉबर्ट आर. लिव्हिंगस्टन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत होता. पण त्यांच्या मॅनरवरच्या, म्हणजे जहागिरीवरच्या कुळांनी 1777 मध्ये राजाच्या बाजूने उठाव केला, कारण राजा जिंकला तर कसतो ती जमीन आपली होईल अशी त्यांना आशा होती. जिथे जमीनदार राजनिष्ठ होते, तिथली पुष्कळ कुळं नेमकी उलट बाजूला गेली. त्यांचं भांडण लंडनशी नव्हतंच, ते खंड वसूल करणाऱ्याशी होतं.

आणि गुलाम? नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम येऊन राजासाठी लढतील ते स्वतंत्र. त्याचा हेतू लष्करी होता, माणुसकीचा नव्हता. राजनिष्ठ मालकांचे गुलाम गुलामच राहिले. तरी हजारो पळाले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवरचा गुलाम हॅरी वॉशिंग्टन त्यातलाच. 1783 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या जहाजांवर अशा सुमारे 3000 कृष्णवर्णीयांची नावं नोंदवली गेली. त्यांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात नेलं, तिथे नापीक जमीन आणि उपासमार वाट्याला आली. मग 1792 मध्ये त्यांच्यातले बाराशेच्या आसपास लोक आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. हॅरीही गेला. मला सांगा, या माणसाने माउंट व्हर्ननच्या मालकाशी इमान राखायला हवं होतं का? तुमची सगळी प्रतिक्रिया बाजूला ठेवा, पण या एका प्रश्नाचं उत्तर मला नक्की द्या.

गळा काढण्याबद्दल एवढंच सांगतो. देश सोडून सुमारे 60,000 लोक गेले, पण बहुतेक राजनिष्ठ तिथेच राहिले आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न जिंकणाऱ्यांनाच सोडवावा लागला. युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात त्यांच्या जप्त मालमत्ता परत करण्याची शिफारस होती. राज्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. न्यूयॉर्कमध्ये त्यांना नागरिकत्वाच्या हक्कांपासून दूर ठेवण्याची मागणी जोरात होती. तेव्हा त्यांच्या बाजूने लेखणी उचलली अलेक्झांडर हॅमिल्टनने. वॉशिंग्टनचा हाताखालचा अधिकारी, यॉर्कटाउनच्या लढाईत इंग्रजांच्या तटबंदीवर चालून गेलेला माणूस. 1784 मध्ये 'फोसियन' या टोपणनावाने त्याने पत्रं लिहिली : चौकशी आणि खटला न चालवता एका अख्ख्या वर्गाचे हक्क विधिमंडळाने काढून घेतले, तर उद्या कुणाचेच हक्क सुरक्षित नाहीत. त्याच वर्षी तो एका इंग्रज व्यापाऱ्यासाठी कोर्टात उभा राहिला. समोर होती इंग्रज आल्यावर शहर सोडून पळावं लागलेली एलिझाबेथ रुटगर्स ही विधवा, तिच्या मागे त्या व्यापाऱ्याने वापरलेल्या तिच्या बिअरच्या कारखान्याचं भाडं मागणारी. शहराची सहानुभूती अर्थातच तिच्याकडे होती. कोर्टाने तिची मागणी काही वर्षांपुरती मान्य केली, बाकीची नाकारली.

हॅमिल्टनचा युक्तिवाद नेमका कुठे चुकतो असं तुम्हाला वाटतं, ते पुढच्या प्रतिक्रियेत लिहा. मी वाट बघतो.