उंची कमी म्हणून सोपा? छे!

पेनाइन वे या इंग्लंडमधल्या लांब पायवाटेवरच्या लेखात म्हटलंय की तिथे उंच डोंगर नाहीत, सह्याद्रीत फिरलेल्याला किरकोळ. अहो मीपण हेच समजून गेलो होतो! लीड्सला राहतो, ४३१ किमीपैकी केल्ड ते बोज एवढाच तुकडा केला. टॅन हिलच्या पबपर्यंत (५२८ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा) मस्त, स्वेलडेल खोऱ्यातले दगडी गोठे बघत फोटो काढत गेलो आणि मग लागलं स्लाइटहोम मूर, म्हणजे दलदलीचं माळरान. वरून छान हिरवंगार शेवाळ, पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत, पाय निघाला पण बूट आतच, शेवटी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून काढला, सगळा चहाच्या चोथ्यासारखा काळा चिखल. त्यात धुकं. आपल्याकडे निदान कडा, घळ, देऊळ काहीतरी खूण असते, इथे चहूकडे सारखंच सपाट, फोनवरचा मॅप बॅटरीसकट गेला, होकायंत्रानेच तारलं. याच पायवाटेवरच्या ब्लॅक हिल टेकडीकडे म्हणे जुन्या गिरण्यांच्या फरशा टाकल्यात वाटेवर, नशीबवान लोक. पाऊस झाला असेल तर टॅन हिलवरून गुपचूप रस्त्याने वळसा घ्या, आणि जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, माझे सॅकमध्येच भिजले होते.